सासऱ्यांच्या पत्रांना मी लिहिलेली उत्तरं

त्या रस्त्याचा नंबर मी देणार नाही. मिशिगनमध्ये तसे काउंटी रोड पुष्कळ आहेत, आणि नंबर न कळल्यानं कुणाचं काही अडणार नाही. आमच्या ट्रॉयच्या घरातून निघून उत्तरेला पाऊण तास गाडी चालवली की एकसारख्या घरांच्या वसाहती संपतात, मक्याची शेतं लागतात आणि एका गॅस स्टेशनच्या कडेला निळी पंचकोनी पाटी दिसते. पिवळ्या अक्षरांत काउंटीचं नाव आणि रस्त्याचा नंबर. तिथून अडतीस मैलांवर एका तळ्याच्या काठाशी तो रस्ता संपतो. म्हणजे नकाशावर संपतो. पाट्यांवर विश्वास ठेवायचा तर तो त्याच्या तीन मैल आधीच संपलेला असतो, आणि संपल्यावर आणखी दोनदा सुरू होतो.

हे सगळं मला सासऱ्यांनी दाखवलं. मी त्या रस्त्यानं दर सप्टेंबरात सफरचंदं तोडायला जात होतो, पण गाडीतल्या जीपीएसची बाई सांगेल तिथे वळायचं, पाट्या कोण वाचतो. त्यांनी वाचल्या. आणि त्या वाचण्याच्या बाबतीत मी त्यांना जे फसवलं, ते चार वर्षं कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ तर नाहीच. मुळात मी कमी बोलणारा आहे असं सगळे म्हणतात. त्याचा मला फार उपयोग झाला.

सासूबाई गेल्या तेव्हा बायको विमानात होती. पोचली तेव्हा सगळं आटोपलेलं. त्यानंतर तिनं एकच ध्यास घेतला, बाबांना इकडे आणायचं. ती एकुलती एक. ‘आईच्या वेळी मी आकाशात होते, बाबांच्या वेळी मला त्याच घरात असायचंय,’ असं ती म्हणायची आणि त्याच्यापुढे कुणाला काही बोलता यायचं नाही. कागदपत्रं झाली, ग्रीन कार्ड झालं, आणि बाबा अमरावतीहून आले. दोन सुटकेसी घेऊन. एकीत कपडे, दुसरीत फायली.

बाबा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात शाखा अभियंता होते. सगळी नोकरी खडी, डांबर आणि मैलाचे दगड यांच्यात गेलेली. इकडे आल्यावर पहिले दोन महिने ते खिडकीत बसून समोरचा रस्ता बघत. आमच्या वसाहतीतून पायी जावं असं कुठलंच ठिकाण नाही. एकदा ते चालत मोठ्या रस्त्यापर्यंत गेले तर एका बाईनं गाडी थांबवून विचारलं, तुम्ही हरवलात का. त्यानंतर ते फक्त शेजाऱ्याच्या अंगणापर्यंत जायचे. शेजारी एक रिटायर झालेला गोरा माणूस, दिवसभर गवत कापणारा. दोघांचं इंग्रजी एकमेकांना फारसं कळायचं नाही, पण जमायचं.

मी त्यांना रविवारी फिरवायला न्यायला लागलो, ते बायकोनं सांगितलं म्हणून. पहिल्याच रविवारी, त्या निळ्या पाटीपाशी, ते म्हणाले, ‘जावईबापू, जरा थांबता का.’ मी थांबलो. त्यांनी वाकून डॅशबोर्डकडे बघितलं आणि विचारलं, हा मैलांचा आकडा शून्यावर आणता येतो का. मी आणला. खिशातून वही निघाली. तिथून तळ्यापर्यंत ते मला पंचवीस ठिकाणी थांबवत गेले असतील. प्रत्येक पाटीपाशी आकडा वाचायचा, पाटी डावीकडे की उजवीकडे, खांब सरळ की कललेला, अक्षरं दिसतात की उडालीत. त्यांच्या नोकरीत रस्ता असाच बघायचा असे, सुरुवातीपासूनचं अंतर आणि बाजू. त्याच्याशिवाय रस्त्याबद्दल बोलणं म्हणजे त्यांच्या लेखी नुसत्या गप्पा.

आणि तो रस्ता वेडाच निघाला. साडेनऊ मैलांवर तो एकदम डावीकडे वळतो, दोनशे फुटांवर परत उजवीकडे. कारण काहीच दिसत नाही, ना टेकडी ना ओढा. मला वाटलं कुणाचं तरी शेत चुकवलंय. बाबा खूश झाले. म्हणाले, जुन्या मोजणीत साखळ्या धरत आखत आणलेले जमिनीचे दोन्हीकडचे चौकोन इथे जुळले नाहीत, जमीन गोल आणि कागद सपाट, म्हणून रस्त्याला पाय सरकवून उभं राहावं लागलं. उत्तरेकडे जाताना या वळणावर बाण आहे. दक्षिणेकडे येताना काहीच नाही; तुम्ही सरळ जाता ते एका शेतकऱ्याच्या धान्याच्या कोठीपाशी. तिथे त्या शेतकऱ्यानं स्वतः फळी ठोकून लिहिलंय, ‘हा तो रस्ता नाही.’ ते वाचून बाबा इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला.

पुढे एका पाटीवर गाव सात मैल. अर्धा मैल पुढे गेलं की दुसऱ्या पाटीवर तेच गाव आठ मैल. एका गावात रस्त्याचं नाव बदलतं, गाव संपलं की आणखी एक, कुठल्याशा चर्चचं नाव लागतं, आणि निळी पंचकोनी पाटी मधल्या सहा मैलांत एकदाही दिसत नाही. हे सगळं गमतीचं होतं. एक गोष्ट मात्र गमतीची नव्हती. सत्तावीस मैलांच्या जरा पुढे एक उतार आहे, दोन्ही बाजूंना झाडी, आणि उताराच्या तोंडाशी वळणाची पिवळी पाटी. पाटीवरचा बाण उजवीकडे वळलेला. रस्ता वळतो डावीकडे.

बाबा खाली उतरले, पाटीमागे जाऊन आले. म्हणाले, बर्फ सारणाऱ्या गाडीनं पाडली असेल, आणि ज्यानं परत लावली त्यानं हाताला आली ती लावली. ‘माणूस पाटीवर भरवसा ठेवतो ना जी,’ ते म्हणाले. ‘नसती तर तो हळू गेला असता.’

त्याच संध्याकाळी त्यांनी पत्र लिहिलं. फुलस्केप कागदावर, हातानं, इंग्रजीत. वर विषय, त्याखाली संदर्भ, मग मुद्दे एक ते नऊ, प्रत्येक मुद्द्यापुढे मैल आणि बाजू. काउंटीच्या रस्ते खात्याला. वाचून माझ्याकडे दिलं, ‘एवढं पोस्टात टाका.’

मी ते टाकलं नाही.

स्वतःला मी पुढे अनेक कारणं सांगून पाहिली. विसरलो. कामाचा रगाडा होता. पत्र तीन आठवडे माझ्या ऑफिसच्या बॅगेत होतं हे खरं, पण ते तिथे आहे हे मला रोज ठाऊक होतं. खरं कारण एकच, मला त्या पत्राची लाज वाटली. ‘आय बेग टू ड्रॉ युवर काइंड अटेन्शन’ अशी सुरुवात. मला दिसत होतं की कुठलातरी क्लार्क ते शेजारच्या टेबलावर नेऊन दाखवतोय आणि दोघं हसताहेत. आणि पत्त्याच्या जागी माझं घर. वीस वर्षं मी इथे कुणाच्या नजरेत न येता राहिलो होतो, ते मला टिकवायचं होतं.

बाबांना अर्ज करणं म्हणजे काय होतं ते मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. आम्ही दोघंही एकाच समाजातले, एकाच तऱ्हेच्या वस्त्यांमधून आलेलो. त्यांचे वडील निरक्षर. वस्तीला नळ मिळावा म्हणून ते दुसऱ्याकडून अर्ज लिहून घ्यायचे आणि तहसील कचेरीबाहेर दिवस दिवस बसायचे. पोच कधी मिळाली नाही. बाबा शाळेत लिहायला शिकले आणि त्यांनी पहिल्यांदा काही लिहिलं असेल तर तो त्या नळाचा अर्ज. त्यालाही उत्तर आलं नाही. मग ते स्वतः सरकारी खुर्चीत बसले, आणि आपल्या टेबलावरच्या एकाही अर्जाला त्यांनी बिनउत्तराचं ठेवलं नाही, असं बायको अभिमानानं सांगते. हे सगळं माहीत असून मी त्यांचं पत्र बॅगेत ठेवलं.

ते रोज विचारत. मी ऑफिसातून आलो की पाणी पिऊन होईपर्यंत थांबत, मग विचारत, ‘काही आलं का हो?’ एकदा त्यांनी आपणहून मेलबॉक्समधला सगळा कचरा काढून सोफ्यावर मांडला होता, पिझ्झाचे कूपन, दाताच्या डॉक्टरांचं कार्ड, आणि एकेक चष्म्याखालून तपासत होते. त्याच आठवड्यात मी ऑफिसच्या प्रिंटरवर उत्तर छापलं.

वर काउंटीचं नाव टाइप केलं. एक पत्रक्रमांक घातला. खाली एका अधिकाऱ्याचं नाव बनवलं, हुद्दा बनवला, सही केली. लिहिलं की आपलं पत्र मिळालं, आपल्या सूक्ष्म निरीक्षणाबद्दल आभार, आपण मांडलेल्या मुद्द्यांवर यथावकाश योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. इंग्रजीत लिहिलं, पण आता मराठीत सांगताना मला एक शब्दही बदलावा लागत नाही. ही माझी चूक मला तेव्हा दिसली नाही. सरकारी पत्र म्हणजे काय याचा माझ्या डोक्यातला नमुना वडिलांच्या ट्रंकेतला होता.

बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं. मग फाइल काढली, भोकं पाडली, भारतातून आणलेल्या हिरव्या टॅगमध्ये ओवलं. जेवताना बायकोला म्हणाले, ‘बघ बाई, तीन आठवड्यांत उत्तर. याला म्हणतात कारभार.’ तिनं माझ्याकडे इतक्या आनंदानं बघितलं की मी पोळी वाढून घेतली आणि खाली मान घातली. आमची मुलगी तेव्हा सातवीत, ती म्हणाली, ‘आजोबा, यू आर लाइक, द साइन पोलीस.’ तेही त्यांना आवडलं.

एकदा लिहून थांबता आलं असतं. पण उत्तर आलं की त्याला उत्तर द्यायचं असतं. दीड वर्षात त्यांनी सात पत्रं लिहिली, मी सहा उत्तरं. पाट्या तशाच का, असं त्यांनी विचारलं तर मी लिहिलं, चालू वर्षाची तरतूद संपली आहे. त्यावर ते मान डोलवून म्हणाले, बरोबर आहे, मार्चनंतर बघतील. उन्हाळ्यात त्या सात मैल-आठ मैलवाल्या दोन पाट्यांतली एक आपोआप नाहीशी झाली, बहुधा गाडीची धडक बसून. बाबा म्हणाले, ‘काढली बघा. साहेबानं शब्द पाळला.’ त्या दिवशी परत येताना ते पुढच्या सीटवर ताठ बसले होते.

आणखी एक सांगायचं राहतं, ते या सगळ्यात मला सर्वांत जड जातं. मला ती पत्रं लिहायला आवडू लागलं होतं. जावई म्हणून मी त्यांच्याशी चार वाक्यांपलीकडे कधी बोललो नाही. ते मला ‘जावईबापू’ म्हणायचे, मी त्यांना ‘हो बाबा’ म्हणायचो. पण त्या अधिकाऱ्याच्या नावानं मी लिहू शकत होतो की आपल्यासारखा माणूस आमच्या खात्याला मिळाला असता तर आमचं भाग्य. की आपण ज्या निष्ठेनं हे काम करता ती आम्हा तरुणांना लाजवणारी आहे. हे मला खरंच वाटत होतं. समोर बसून सांगायला हवं होतं, ते मी एका अस्तित्वात नसलेल्या माणसाच्या सहीनं सांगितलं. नाताळात बाबांनी त्याला कार्ड लिहिलं, त्याच्या मुलाबाळांना आशीर्वाद दिले. ते कार्ड माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये बरीच वर्षं होतं.

त्या उजव्या बाणाच्या पाटीबद्दल तरी मी काउंटीला कळवायला हवं होतं. त्यांच्या वेबसाइटवर फॉर्म आहे, दोन मिनिटं लागतात. पण ती पाटी बदलली आणि बाकीच्या तशाच राहिल्या तर बाबा आणखी प्रश्न विचारतील, असा हिशेब मी केला. मी रोज गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासतो. हा हिशेब मी केला.

दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात कंपनीनं मला चाचण्यांसाठी आठवडाभर दुसऱ्या राज्यात, चँडलरला पाठवलं. परत आलो तर घर नेहमीसारखं. बाबा मला बघून उठून उभे राहिले, प्रवास कसा झाला विचारलं, पाणी दिलं. ‘काही आलं का,’ हे विचारलं नाही. मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो. दोन दिवसांनी जेवताना ते शांतपणे म्हणाले की आता परत जावं म्हणतो, अमरावतीला. थंडी सोसत नाही.

बायकोला आधी ते कळलंच नाही. मग ती म्हणाली की मागची थंडी तर तुम्ही मजेत काढलीत, बर्फात फोटो काढलेत. ते म्हणाले, वय झालं. ती म्हणाली, वय झालं म्हणूनच तर इथे. तीन आठवडे हेच चाललं. तिनं त्यांना डॉक्टरकडे नेलं, जाड जाकीट आणलं, खोलीत हीटर लावला. शेवटी ती रागावली. म्हणाली, आई गेली तेव्हा तुम्ही मला नीट सांगितलं नाहीत, आताही तुम्ही तुमचंच बघताय. हे ती माझ्यासमोर म्हणाली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

विमान मंगळवारचं होतं. आधीच्या रविवारी ते म्हणाले, जावईबापू, एकदा तो रस्ता करून येऊ. वही त्यांनी घेतली नाही, मैलांचा आकडा शून्यावर आणायला सांगितलं नाही. आम्ही सत्तावीस मैल गेलो. झाडांची पानं गळून गेली होती, त्यामुळे उतारावरची पाटी लांबूनच दिसली. नवी कोरी. बाण डावीकडे.

मी गाडी बाजूला घेतली. माझे हात स्टिअरिंगवर होते आणि ते काढून कुठे ठेवावेत ते मला कळेना.

बाबा म्हणाले, ‘मी जाऊन सांगितलं. चौथ्या दिवशी बदलली.’

मग त्यांनी मला सगळं सांगितलं, अगदी अहवाल दिल्यासारखं, आवाज न चढवता. मी चँडलरला असताना त्यांना वाटलं, साहेबाला एकदा भेटून यावं. दीड वर्षाची ओळख. त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, तो आनंदानं तयार झाला. बायकोनं केलेला चिवडा त्यांनी डब्यात भरून घेतला, फाइल घेतली. रस्ते खात्याच्या कचेरीत काउंटरवर एक वयस्कर बाई होती. त्यांनी साहेबाचं नाव सांगितलं. तिनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं, आत जाऊन विचारून आली, म्हणाली या नावाचं कुणी नाही, कधी नव्हतं. त्यांनी फाइल उघडून पत्रं दाखवली. तिनं एकेक वाचली.

‘चांगली बाई होती,’ बाबा म्हणाले. ‘तिनं मला बसवलं, कॉफी दिली. मग खाली वाकून हळूच विचारलं, हा माणूस तुमच्याकडे पैसे मागतो का. म्हातारी माणसं इकडे अशी फसतात म्हणे. आपला शेजारीही उभाच होता तिथे. मी म्हटलं, नाही बाई, पैसे नाही. घरचाच माणूस आहे.’

मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. त्यांनी हात वर केला, थांबा म्हणून.

‘मला पहिल्याच पत्राला ओळखू यायला पाहिजे होतं,’ ते म्हणाले. ‘तीस वर्षं मी तसंच लिहीत आलो. त्या बाईनं माझी तक्रार घेतली ना, तर तिचं उत्तर शेजाऱ्याच्या फोनवर आलं. दीड ओळ. थँक्स, आमची माणसं बघतील. बस. खरं उत्तर असं असतं इकडे.’

मी म्हटलं, बाबा, मला माफ करा. ते ऐकू न आल्यासारखे समोर बघत होते. एक पिकअप ट्रक आमच्या बाजूनं उतारावरून गेला, नीट वळला. तो दिसेनासा झाल्यावर ते म्हणाले, ‘तुम्ही रागावून म्हटलं असतं की म्हाताऱ्या, बंद कर ही पत्रं, तर मला दोन दिवस वाईट वाटलं असतं. तुम्ही मला खेळवलं. मी त्या माणसाला आशीर्वाद दिले हो.’

त्यानंतर त्यांनी एकच गोष्ट मागितली, की हे लेकीला सांगू नका. त्यांच्या आवाजात विनंती होती, आणि तीच मला सहन झाली नाही. मुलीचा बाप जावयाला विनंती करतोय, मुलीचा संसार नीट राहावा म्हणून. मी हो म्हटलं. म्हणजे त्यांनी दिलेली ती पळवाट मी तत्काळ घेतली. मंगळवारी एअरपोर्टवर बायको त्यांच्याशी न बोलता उभी होती, आणि मी बॅगा उचलत होतो.

त्यानंतर चार वर्षं. दर शनिवारी फोन, आमच्याकडे सकाळ, त्यांच्याकडे संध्याकाळ. बायको औषधं विचारायची, कामवाली येते का विचारायची, आणि कधी ना कधी टोचायची. तुम्हाला काय, तुमचं अमरावती बरं. नातीची उंची आता माझ्याएवढी झालीय, तुम्हाला कुठे बघायचीय. ते ‘हो बाई’ म्हणायचे. मी त्याच टेबलावर चहा प्यायचो. सुरुवातीला मी उठून जायचो. नंतर नंतर उठणंही सोडलं. माणसाला सवय होते.

या वर्षी मुलीचं हायस्कूल संपलं. ग्रॅज्युएशनला आजोबांनी यावं म्हणून ती स्वतः फोनवर बोलली. ते म्हणाले, गुडघे साथ देत नाहीत गं. फोन ठेवल्यावर मुलगी म्हणाली, ‘इट्स ओके, ही जस्ट डझन्ट लाइक इट हिअर.’ आणि बायको भांडी लावता लावता म्हणाली, ‘इथलं नाही, आपणच आवडलो नाही त्यांना. मी आता बोलावणार नाही. जे काय व्हायचं ते तिकडे होऊ दे, कळेल तेव्हा कळेल.’

मी चार वर्षं ज्याच्यावर बसून होतो ते या वाक्यानं निघालं. आईच्या वेळी आकाशात होते म्हणणारी बाई हे बोलत होती. मुलगी सुट्टीतल्या कामावर गेल्यावर मी तिला बसायला सांगितलं आणि सुरुवातीपासून सांगितलं, बॅगेतल्या पत्रापासून. गाळलं काही नाही. मला पत्रं लिहायला आवडत होतं, तेही.

तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिनं फक्त मधेच एकदा विचारलं की शेजाऱ्याला माहीत होतं का. मी म्हटलं, होतं. तो अजून आम्हाला टोमॅटो देतो. ती बराच वेळ टेबलावरच्या कपाच्या कडेवरून बोट फिरवत होती.

‘चार वर्षं मी त्यांना टोचत होते,’ ती म्हणाली, ‘आणि तू इथे बसून चहा पीत होतास.’

मी म्हटलं, त्यांनीच सांगितलं होतं, सांगू नका म्हणून.

‘ते बाप आहेत, ते सांगणारच. तू ऐकलंस कशाला?’

तिनं फोन उचलला आणि स्पीकरवर लावला. शनिवार नव्हता, त्यामुळे बाबा घाबरले, सगळं ठीक आहे ना विचारायला लागले. तिनं विचारलं, बाबा, तुम्ही इथून का गेलात. ते म्हणाले, किती वेळा सांगू बाई, थंडी. तिनं परत विचारलं. ते म्हणाले, अगं काहून जुनं काढतेस, थंडीच होती, गुडघे असे धरायचे. इतकं सहज, इतकं खरं वाटेल असं ते बोलत होते की मी सांगितलेलं सगळं मलाच खोटं वाटायला लागलं. तिनं माझ्याकडे बघितलं. तिलाही क्षणभर तसंच वाटलं असावं.

मी टेबलावर वाकून म्हटलं, ‘बाबा, मी तिला सांगितलंय. सगळं.’

पलीकडे टीव्हीचा आवाज होता. तो बंद झाला. मग त्यांचा आवाज आला, दमलेला, आणि पहिल्यांदाच त्यात राग होता.

‘एवढं तरी पाळायचं होतं हो,’ ते म्हणाले. ‘माझ्याशी भांडणं तिला सोपं होतं. बाप कुठे जातो. आता ती तुमच्याशी भांडेल, आणि राहायचं तुम्हाला एका घरात.’

बायकोनं स्पीकर बंद केला. फोन कानाला लावून ती बाबांच्या जुन्या खोलीत गेली, तिथे आता आमची इस्त्री आणि ट्रेडमिल असते, आणि तिनं दार लावून घेतलं. मी बाहेर बसलो होतो. आधी तिचं रडणं ऐकू आलं, मग बोलणं, मग बराच वेळ नुसतं ऐकणं, कारण बाबा बोलत असावेत. एकदा ती हसली. कशाला ते मला कळलं नाही, आणि विचारायचा हक्क मला आहे असं वाटलं नाही. तास होऊन गेला. ती बाहेर आली तेव्हा तिनं अमरावतीचं तिकीट काढलं होतं, एकटीचं, जायची तारीख ठरलेली आणि यायची मोकळी ठेवलेली.